चित्रातून काढलेला माणूस

पुस्तकांचं पार्सल दुपारी आलं. ते नारायणरावांनीच उघडलं. वरची प्रत काढून टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "उमा, नाव कव्हरवर आलंय बघ."

उमाबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. नाव खरंच कव्हरवर होतं. 'काईल निघाली शाळेला' आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'लेखन व चित्रे : उमा आगाशे'. तीस वर्षांहून जास्त काळ त्या लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढत आल्या होत्या. त्यांचं नाव असायचं ते आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याशेजारी, चष्मा लावून शोधावं लागेल इतकं बारीक. कधी तेही राहून जायचं. कथा लिहिणाऱ्याचा सत्कार व्हायचा आणि उमाबाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. म्हणून आज कव्हर बघून त्यांना आत कुठंतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं पुस्तकाचं मधलं जोडपान उघडेपर्यंतच टिकलं.

ते जोडपान म्हणजे पुस्तकाचा जीव होता. दोन्ही पानांवर मिळून एकच चित्र. चहूकडं पुराचं गढूळ पाणी, त्यात उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी काईल, काईलीत दाटीवाटीनं बसलेली मुलं, काठ धरून ओणवी झालेली बनुबाई, आणि पुढं छातीएवढ्या पाण्यात खांद्यावर दोर घेऊन काईल ओढणारा आकाराम.

छापलेल्या पानावर काईल नव्हती. नारिंगी रंगाची मोटरबोट होती. मुलांचे केस विंचरलेले होते. बोटीच्या टोकाला पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक मिशीवाला माणूस हात उंचावून उभा होता. त्याला ओळखायला वेळ लागला नाही, जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकात त्याचे फलक होते. ते पुढारी लालासाहेब होते. बनुबाई गेली होती. दोर गेला होता, दोर ओढणारा आकारामही गेला होता. पाणी निळं केलं होतं. आणि जिथं उमाबाईंनी लिहिलं होतं, 'आकाराम पाण्यात उतरला आणि म्हणाला, हलू नका रं पोरांनो', तिथं छापलं होतं, 'इतक्यात साहेब धावून आले!'

"हे मी काढलेलं नाही," उमाबाई म्हणाल्या.

नारायणरावांनी चष्मा वर सरकवून पान जवळ धरलं. "रेषा तर तुझीच वाटते," ते म्हणाले.

त्यांनी ते सरळ मनानं म्हटलं होतं, पण उमाबाईंच्या अंगाची आग झाली. कारण ते खरं होतं. मुलांचे गुडघे, कानामागं गेलेली बट, बोटांची ठेवण, सगळं त्यांच्या हातचं वाटत होतं. कुणीतरी संगणकाला त्यांची रेषा शिकवली होती आणि त्याच्याकडून हे खोटं काढून घेतलं होतं.

उमाबाई मूळच्या वाईच्या. चित्रकला साताऱ्यात शिकल्या, लग्न होऊन सांगलीच्या गावभागात आल्या. काही वर्षं मुलींच्या शाळेत चित्रं शिकवली. मग साताऱ्याच्या नानासो प्रकाशकांनी एका गोष्टीसाठी त्यांच्याकडून ससा आणि कासव काढून घेतलं, आणि तेव्हापासून त्यांचं घर चालवणं आणि चित्रं काढणं एकाच टेबलावर सुरू झालं. नानासो माणूस बरा होता. पण चित्रांत काय असावं हे त्यांनाही ठरवायचं असायचं, लेखकालाही आणि पुस्तकं विकत घेणाऱ्यालाही. मुलगी जरा गोरी करा. आई शेतात कशाला, ओट्याशी दाखवा. म्हैस नको, गाय काढा. शेळीच्या मागं लेंड्या कशाला दाखवल्यात? उमाबाई धुसफुसत बदल करून द्यायच्या. पुस्तक मुलांच्या हातात पडणं महत्त्वाचं, असं मनाला समजवायच्या. नानासो गेल्यावर त्यांचा मुलगा पुष्कर प्रकाशन बघायला लागला. तो लहानपणी उमाबाईंच्या रंगपेट्या सांडत मोठा झालेला, त्यांना काकू म्हणायचा.

काईलीचं पुस्तक मात्र या सगळ्याहून वेगळं होतं. ते कुणी मागितलेलं नव्हतं.

दोन हजार एकोणीसच्या पुरात गावभागातल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं. खालच्या खोलीतल्या कपाटात आयुष्यभराची मूळ चित्रं होती, त्यांचा लगदा झाला. उमाबाई आणि नारायणराव मिरजेच्या एका शाळेत जाऊन राहिले. तिथं नदीकाठच्या गावांतली माणसं आली होती. मुलं दिवसभर रडायची नाहीतर भांडायची, म्हणून उमाबाईंनी एका वर्गातला फळा ताब्यात घेतला आणि मुलं सांगतील ते खडूनं काढायला लागल्या. पुरातून कसे आलात, असं विचारून त्यांनी एक होडी काढली, टोकदार, वल्ह्यांची. पुढं बसलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आमी न्हावंतनं न्हाई आलो. आमी काईलीतनं आलो."

ती शिवांजली. कुरणवाडीची, दुसरीतली. गुऱ्हाळातल्या काईलीत बसून ती वाडीतल्या पोरांबरोबर पाण्यातून रस्त्यापर्यंत आली होती. काईल पाण्यात सरळ जात नाही, जागच्या जागी गरगर फिरते, म्हणून बनू आजीचे दीर पाण्यात उतरले आणि दोर लावून ती ओढत नेली, असं तिनं सांगितलं. एक खेप झाली की परत, मग दुसरी. म्हाताऱ्या माणसांना नेलं, बाळंतिणीला नेलं. बाहेरची बोट वाडीवर पोचली तेव्हा तिथं आणायला कुणी उरलंच नव्हतं.

पाणी ओसरल्यावर उमाबाई कुरणवाडीला गेल्या. बनुबाई साठीची, बोलायला मोकळी, हाडापेरानं दणकट. तिनं गुऱ्हाळाच्या चुलाणाशेजारी उलटी घातलेली काईल दाखवली. आकारामची भेट मात्र झाली नाही. घाण पाण्यात घालवलेल्या दिवसांनंतर त्याला ताप भरला होता. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तिथंच तो गेला. त्याच्या नावाची ना कुठं बातमी आली, ना कुणी सत्कार केला. त्या कामातला त्याचा फोटोही नव्हता. कोण काढणार? सगळे काईलीत होते.

उमाबाई त्या पुस्तकावर काही वर्षं काम करत राहिल्या. एसटीनं कुरणवाडीला जायच्या, काईलीत बसून आतून तिचा काठ कसा दिसतो ते बघायच्या, आकारामच्या लग्नातल्या एका जुन्या फोटोवरून त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा काढायच्या. बाकी कशापेक्षा पाण्याच्या रंगानं त्यांचा जीव खाल्ला. लहान मुलांच्या पुस्तकात पाणी निळंच असतं आणि पुराचं पाणी कधीच निळं नसतं. तो मातकट, शेणकट रंग जमेपर्यंत त्यांनी कितीतरी कागद वाया घालवले. शेवटी मधलं चित्र झालं तेव्हा त्या ते घेऊन बनुबाईकडं गेल्या. बनुबाईनं ते मांडीवर घेतलं आणि दोर ओढणाऱ्या माणसावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आकारामभावजीच हाईत. आसंच मान वाकडी करून वडायचं."

पुष्करनं पुस्तक लगेच घेतलं. मग काही महिन्यांनी त्यानं साताऱ्याला बोलावून घेतलं. लालासाहेबांचा ट्रस्ट हे पुस्तक शिराळ्यासह दोन-तीन तालुक्यांतल्या शाळांना वाटायला तयार आहे, असं त्यानं आनंदानं सांगितलं. फक्त पुरात साहेबांनीही बरंच काम केलं होतं, तेव्हा मधल्या चित्रात ते कुठंतरी दिसावेत, एवढंच ट्रस्टच्या लोकांचं म्हणणं होतं. उमाबाईंनी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. आयुष्यभर गायी-म्हशी बदलून दिल्या, हे बदलणार नाही, असंही सांगितलं. पुष्करनं वाद घातला नाही. चहा मागवला आणि म्हणाला, "बरं काकू, राहू दे. तुमचंच पुस्तक आहे." उमाबाई समाधानानं सांगलीला परत आल्या होत्या.

आणि आता हे पार्सल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या साताऱ्याला गेल्या आणि पोवई नाक्यावर उतरून तडक पुष्करच्या कचेरीत शिरल्या. त्यानं उठून खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. त्याचं सगळं बोलणं त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. ही फक्त ट्रस्टची आवृत्ती होती. पुढंमागं दुकानात येणारी आवृत्ती मूळ चित्राची काढता येणार होती. तुम्हाला पुन्हा काम पडू नये म्हणून चित्र आमच्याच मुलांकडून संगणकावर करून घेतलं. आणि काकू, आजवर तुमचं एक पुस्तक किती मुलांपर्यंत गेलं आणि हे किती मुलांपर्यंत जाणार, याचा विचार करा. शिवाय बाबांनी कधी टाकलं नाही ते तुमचं नाव मी कव्हरवर टाकलं.

"तेच काढ," उमाबाई म्हणाल्या.

पुष्करला कळलं नाही.

"माझं नाव काढ. जे मी काढलं नाही त्याच्यावर माझं नाव कशाला?"

"काकू, पुस्तकं छापून झालीयेत. आता कसं काढणार?"

"मग माझ्या नावानं खोटं बोलणार तू. पोरांशी."

पुष्कर थोडा चिडला. खोटं काय त्यात, लालासाहेब पुरात आले नव्हते का, असं त्यानं विचारलं. आले होते. पाणी उतरल्यावर आले होते, बिस्किटांचे पुडे आणि फोटोवाला घेऊन, हे उमाबाईंना कुरणवाडीतल्या दहा जणांनी सांगितलं होतं. त्यांनी ते पुष्करला सांगितलं. तो म्हणाला की तुम्ही फार मनाला लावून घेताय, हे एक चित्र आहे. तेव्हा उमाबाईंना नानासोंची आठवण झाली आणि त्यांच्यावरही राग आला. मुलगी गोरी करा म्हणणारा माणूस आणि मेलेला माणूस पुसून टाकणारा माणूस यांच्यात अंतर होतं, पण रस्ता एकच होता.

तिथून त्या थेट कुरणवाडीला गेल्या. हे बनुबाईला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, असं त्यांना वाटलं. घरी पोचायला तिन्हीसांजा होतील म्हणून नारायणराव फोनवर कुरकुरले, तरी त्या गेल्या.

बनुबाईनं पुस्तक हातात घेतलं, मधलं पान उघडलं. आधी तिला वाटलं, हे दुसरंच पुस्तक आहे. मग तिनं खालची अक्षरं शिवांजलीकडून वाचून घेतली. शिवांजली आता आठवीत गेली होती. तिनं 'साहेब धावून आले' हे वाचलं आणि पुढं वाचायची थांबली.

"मला न्हाई काढलं तर न्हाई काढलं," बनुबाई म्हणाली. "मी जित्ती हाय, कुनी इचारलं तर सांगंन. पर भावजीस्नी का काढलं वो? त्येंनी कुनाचं काय खाल्लं हुतं?"

आपण लिहिणारे-चितारणारे लोक, आपल्या चार ओळखी, आपली पुस्तकं, आणि या बाईचा एक माणूस त्यात सांभाळून ठेवता आला नाही, या विचारानं उमाबाईंना स्वतःचीही चीड आली. बनुबाईनं पुस्तक मिटलं, चुलाणाशेजारी ठेवलं आणि शिवांजलीला चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत ती एवढंच बोलली की आकारामची बायको माहेरी गेलीय, ती परत आली की तिला हे दाखवायचं नाही.

पुस्तकवाटपाचा समारंभ तालुक्याच्या गावी एका सभागृहात होता. पुष्करचा फोन आला. तो समजुतीच्या आवाजात बोलला, काकू, राग गिळा, तुमचा सत्कार आहे, तुम्ही नाही आलात तर माझी पंचाईत होईल. उमाबाई येते म्हणाल्या. नारायणरावांना वाटलं, बायको निवळली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत शाळेची मुलं, प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक. मागं बायका. त्यांत बनुबाई आणि शिवांजली बसल्या होत्या, त्या आपणहून आल्या होत्या. व्यासपीठावर लालासाहेब, गटशिक्षणाधिकारी, पुष्कर आणि उमाबाई. उमाबाईंच्या खांद्यावर शाल घालायला लालासाहेब उठले तेव्हा त्यांनी शाल घेतली नाही. हात जोडून म्हणाल्या की मला आधी दोन शब्द बोलू द्या. सूत्रसंचालकानं लालासाहेबांकडं बघितलं, त्यांनी मान हलवली.

उमाबाईंना भाषणाची सवय नव्हती. त्या मुलांकडं बघून बोलल्या.

"मुलांनो, पुस्तकाच्या मधल्या पानावर बोट आहे, ते चित्र मी काढलेलं नाही. तिथं एक काईल होती. ती आकाराम नावाच्या माणसानं ओढत आणली, आणि त्यात तो गेला. त्याची वहिनी बनुबाई काईलीत होती, ती आज इथं मागं बसली आहे. माझं नाव पुस्तकावर आहे म्हणून मी हे तुम्हाला सांगते. ते पान खोटं आहे."

एवढ्यात ध्वनिक्षेपक बंद झाला. कुणी बंद केला ते कळलं नाही. सूत्रसंचालक टाळ्या वाजवत पुढं आला, मुलंही टाळ्या वाजवायला लागली, कारण भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात. लालासाहेब रागावले नाहीत, हेच उमाबाईंना जास्त झोंबलं. पुस्तकात काय आहे हे बहुधा त्यांनी आधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पुष्करच्या हातातली प्रत घेऊन पान उघडलं, बघितलं, आणि उमाबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "चित्रच आहे ना बाई. पोरांना काय कळतंय त्यात."

"काईलीत पोरंच होती," उमाबाई म्हणाल्या.

त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या. नारायणराव मागोमाग निघाले. ते जरा घाबरले होते. बाहेर बनुबाई उभी होती. तिनं उमाबाईंचा हात धरला आणि सोडलाच नाही. मागं आत पुढचं भाषण सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. लालासाहेब शाल घेऊन उभे, उमाबाई हात जोडून समोर. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ चित्रकर्तीचा हृद्य सत्कार'. उमाबाईंनी तो पेपर फाडला नाही, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत. नारायणरावांच्या मित्रांचे अभिनंदनाचे फोन येत राहिले. दोघांना नारायणरावांनी खरं काय ते सांगितलं, तिसऱ्यापासून नुसतं 'आभारी आहे' म्हणू लागले. पुण्याच्या एका संपादिकाबाईंनी उमाबाईंकडं एक काम दिलेलं होतं, ते 'सध्या थांबवू या' असा निरोप आला. उमाबाई वकिलाकडं जाऊन आल्या, त्यानं दावा करा म्हणून सांगितलं, पण निकाल लागेपर्यंत ही मुलं मोठी होतील, तेही सांगितलं.

"मग काय करणार?" नारायणरावांनी विचारलं.

उमाबाईंनी मूळ चित्र कपाटातून काढलं. या वेळी ते वरच्या खोलीत होतं. बाजारातल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडून त्यांनी पुस्तकाच्या मापात ते जोडपान छापून घेतलं, चित्रही आणि खालचे स्वतःचे शब्दही. गठ्ठा बांधला आणि आधी कुरणवाडीच्या शाळेत गेल्या. तिथले गुरुजी नाथाजीराव वाडीतलेच होते, पुरात त्यांची आईही काईलीतूनच बाहेर आली होती. त्यांनी वर्गात बसायला सांगितलं. डिंकानं पान सुरकुततं म्हणून बनुबाई घरून कणकेची खळ शिजवून घेऊन आली. मुलांनी पुस्तकं उघडली आणि बोटीवर काईल चिकटवायला सुरुवात केली. शिवांजली हायस्कूलला दांडी मारून आली होती आणि लहानांना कोपरे कसे दाबायचे ते दाखवत होती. एका मुलानं विचारलं की बोटीतला माणूस खाली गुदमरणार नाही का. बनुबाई खळखळून हसली. उमाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी त्याला सांगितलं की हा माणूस त्या पाण्यात कधी उतरलाच नव्हता.

सगळ्या शाळा अशा नव्हत्या. शेजारच्या गावात मुख्याध्यापकांनी त्यांना ओसरीवरच उभं केलं. शासकीय मालमत्तेत फेरफार करता येत नाही म्हणाले, आणि नंतर खालच्या आवाजात म्हणाले, बाई, माझी बदली होईल हो. दुसऱ्या एका ठिकाणी बाईंनी गठ्ठा ठेवून घेतला आणि तो कपाटात गेला, हे उमाबाईंना पुढच्या आठवड्यात कळलं. त्या परत गेल्या, कपाट उघडायला लावलं आणि वर्गात बसून राहिल्या. शेवटी त्या बाईंनीच खळीसाठी वाट्या आणवल्या.

पुष्करचा फोन आला. त्याला तक्रारी गेल्या होत्या. हे थांबवलंत तर मूळ चित्राची आवृत्ती दिवाळीच्या आत काढतो, असं तो म्हणाला.

"आणि वाटलेली पुस्तकं परत घेशील?" उमाबाईंनी विचारलं.

ते शक्य नाही म्हणाला.

"मग तुझी नवी आवृत्ती तुझ्याकडंच ठेव," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी त्याचा फोन घेतला नाही.

नारायणराव सुरुवातीला नुसते सोबत यायचे, पिशवी धरायचे. मग त्यांनी खळीची बादली स्वतःकडं घेतली. एकदा परतीच्या एसटीत ते म्हणाले की आता आपलं वय झालं, तालुका केवढा मोठा, किती शाळा होणार आपल्याकडून. उमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. चौकात लालासाहेबांचा नवा फलक लागला होता, वाढदिवसाचा. हात उंचावलेला, पांढरा शर्ट, हुबेहूब बोटीतल्यासारखा. उमाबाईंच्या कपाळाची शीर तडतडली.

"शिराळ्याची पहिली गाडी किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

नारायणरावांना माहीत नव्हतं. त्यांनी पुढं जाऊन कंडक्टरला विचारलं, परत येऊन सांगितलं, आणि बादली सांडू नये म्हणून दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसले.